फोटोही काढणारा हँडीकॅम: घेण्याआधी आणि घेतल्यावर काय बघायचं

हँडीकॅममध्ये फोटो निघतात का? निघतात. त्या फोटोंसाठी हँडीकॅम घ्यावा का? नाही. एवढं मनाशी पक्कं केलं की पुढची निवड सोपी जाते, कारण दुकानातला अर्धा गोंधळ खोक्यावरच्या मेगापिक्सेलच्या ठळक आकड्यामुळे होतो.

मग खिशात मोबाइल असताना हे यंत्र हवंच कशाला? लांबचं जवळ आणणारा खरा झूम, दोन-दोन तास न थांबता चालणारं रेकॉर्डिंग आणि हातात पट्ट्याने घट्ट बसणारी पकड, यासाठी. हे तिन्ही नको असेल तर मोबाइल पुरे, पैसे वाचवा. हवं असेल तर पुढे वाचा. कॅमेरा नवा असो, जुन्या बाजारातून आणलेला असो की काकांच्या कपाटातून निघालेला, पायऱ्या त्याच आहेत.

१. कशासाठी हवा, ते आधी ठरवा

शाळेचं स्नेहसंमेलन आणि गाण्या-नाचाचे कार्यक्रम: झूम, स्टँड आणि मोठी बॅटरी. घरची मुंज, केळवण, डोहाळजेवण: लहान खोलीत सगळे मावतील अशी रुंद लेन्स आणि कमी उजेडात बरं चित्र. सिंहगड-राजगडाच्या वाऱ्या: वजन कमी आणि हात हलला तरी चित्र सांभाळणारी यंत्रणा. ढोल-ताशा पथक किंवा विसर्जन मिरवणूक: आवाजाची पातळी कमी करता येणं सगळ्यात महत्त्वाचं, त्याबद्दल खाली सविस्तर येईलच.

या सगळ्यात सारखाच चांगला असा घरगुती हँडीकॅम मिळत नाही. दुकानदार म्हणेल, मिळतो. म्हणू द्या.

२. खोक्यावरचे आकडे वाचायला शिका

मेगापिक्सेल. एक ठोस उदाहरण घेऊ. सोनीच्या एचडीआर-सीएक्स४०५ या लोकप्रिय मॉडेलच्या फोटोचा आकडा ९.२ मेगापिक्सेल. त्याच्या सेन्सरवर, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपवर, प्रत्यक्ष वापरात येणारे पिक्सेल मात्र सुमारे २२.९ लाख, म्हणजे २.२९ मेगापिक्सेल. उरलेले सुमारे सात मेगापिक्सेल कॅमेरा शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरतो. याला इंटरपोलेशन म्हणतात. फाइल मोठी होते, तपशील वाढत नाही. यात लपवाछपवी अशी नाही, तांत्रिक माहितीच्या तक्त्यात दोन्ही आकडे दिलेले असतात. फक्त एक खोक्यावर ठळक असतो आणि दुसरा शोधावा लागतो. तो शोधायचा, त्याला ‘इफेक्टिव्ह’ पिक्सेल म्हणतात.

पण म्हणून नाक मुरडू नका. हिशेब बघा. चार बाय सहा इंची फोटो इंचाला ३०० ठिपके या दराने छापायला १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात, म्हणजे २.१६ मेगापिक्सेल. तेवढे खरे पिक्सेल या चिमुकल्या सेन्सरकडे आहेत. अल्बममध्ये लावायला किंवा नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवायला ते पुरतात. बारा बाय अठराचा फोटो फ्रेम करून भिंतीवर लावायचा म्हटलं तर इंचाला २०० ठिपके धरूनही ८.६ मेगापिक्सेल लागतात, आणि तिथे ही भरताड उघडी पडते. केस, साडीचं जरीकाम, पानं, सगळं मेणासारखं गुळगुळीत दिसतं.

झूम. खोक्यावर दोन-तीन आकडे असतात. वरच्याच मॉडेलवर ऑप्टिकल ३० पट आणि डिजिटल ३५० पट. ३५० विसरून जा. डिजिटल झूम म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून ताणणं, ते काम घरी संगणकावरही होतं. ऑप्टिकल झूममध्ये लेन्सच्या आतली भिंगं खरोखर सरकतात, आणि हँडीकॅमची खरी मिळकत तीच. फोटोच्या ३५ मिलिमीटर फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबात या मॉडेलची लेन्स २६.८ मिलिमीटरपासून सुरू होते (आकडा लहान तितकं चित्र रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ), त्याच्या ३० पट म्हणजे ८०० मिलिमीटरच्या पुढे. फोटोच्या मोठ्या कॅमेऱ्याला एवढ्या ताकदीची लेन्स घ्यायची तर किंमत ऐकून खाली बसावं लागेल. ती इथे तळहातावर मावते, कारण सेन्सर अगदी बारका आहे. आणि सेन्सर बारका आहे म्हणूनच रात्री चित्रात मुंग्या दिसतात. एकाच कारणाची ही दोन फळं आहेत. ‘झूमही मोठा आणि अंधारातही झकास’ असं कुणी म्हणालं की हे आठवा.

सुरुवातीचे मिलिमीटर. जुन्या हँडीकॅमची लेन्स बरेचदा ४० मिलिमीटर किंवा त्याहून पुढे सुरू होते. पेठेतल्या दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीला पाठ टेकवूनही चार माणसं मावणार नाहीत. घरगुती कार्यक्रमांसाठी ३० च्या आतला आकडा बघा.

स्थिरता. चित्र सांभाळणारी यंत्रणा ऑप्टिकल असेल तर उत्तम. इलेक्ट्रॉनिक असेल तर ती कडांचा थोडा भाग कापून काम करते. दोन्ही असल्या तरी पूर्ण झूमवर हातात धरून चित्र स्थिर राहील अशी आशा ठेवू नका.

माइक आणि हेडफोनची भोकं. खोक्यावर याचा उल्लेख नसेल तर बहुधा ती नाहीत. सीएक्स४०५ ला बाहेरचा माइक जोडता येत नाही. कॅननच्या एचएफ आर मालिकेतल्या काही मॉडेलांना जोडता येतो. भाषणं, कीर्तन, गाणं रेकॉर्ड करायचं असेल तर मेगापिक्सेलपेक्षा या एका भोकाची किंमत जास्त.

३. रेकॉर्डिंग कशावर होतं ते बघा

नव्यात प्रश्न नाही, सगळं कार्डावर. जुना घेताना मात्र इथेच फसगत होते.

*मिनी डीव्ही कॅसेट.* १९९५ पासूनची पद्धत. साध्या गतीने तासाभराची कॅसेट, चित्र आजही स्वच्छ. पण संगणकावर पूर्ण दर्जाने उतरवायला फायरवायर नावाचं जुन्या प्रकारचं केबलचं भोक लागतं, आणि आजच्या लॅपटॉपला ते नसतं. कॅमेऱ्याला यूएसबी दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. बऱ्याच मॉडेलांत ती फक्त कार्डावरचे फोटो द्यायला किंवा हलक्या दर्जाच्या चित्राला असे. तासाचं फुटेज संगणकावर सुमारे १३ जीबी होतं आणि उतरायला पूर्ण तास लागतो, कारण कॅसेट चालवूनच ते उतरतं. या पिढीतल्या अनेक कॅमेऱ्यांत कॅसेटवरच ‘फोटो’ घेण्याची सोय होती: चित्र गोठतं आणि सहा-सात सेकंद तसंच रेकॉर्ड होतं, मागे आवाज चालू. तो फोटो म्हणजे व्हिडिओची एक चौकटच, ७२० बाय ५७६. खरा फोटो हवा तर कार्डाची खाच असलेलं मॉडेल बघा.

*छोटी डीव्हीडी.* आठ सेंटिमीटरच्या चकतीवर वीस ते तीस मिनिटं. चकती ‘फायनलाइझ’ केली नसेल, म्हणजे कॅमेऱ्यातून शेवटी बंद केली नसेल, तर साध्या प्लेअरवर बहुधा चालत नाही. फुकट मिळाला तरच घ्या.

*हार्ड डिस्क.* साठवण भरपूर, पण डिस्क जुनी झाली की सगळंच गेलं. काही मॉडेलांच्या पुस्तिकेत तर फार मोठ्या आवाजाच्या ठिकाणी कॅमेरा वापरू नका अशी स्पष्ट सूचना असे. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर अनंत चतुर्दशीला तो कसा चालवायचा, हे त्या पुस्तिकेने सांगितलेलं नाही.

*कार्ड.* हेच घ्या. सोनीच्या जुन्या मॉडेलांना फक्त मेमरी स्टिक हे सोनीचं स्वतःचं कार्ड लागतं, साधं एसडी कार्ड साधारण २०१० पासूनच्या मॉडेलांत चालू लागलं. खाच उघडून खात्री करा.

४. परदेशातून येणारा कॅमेरा: हो म्हणण्याआधी थांबा

पुण्यात निम्म्या सोसायट्यांत कुणाचं ना कुणाचं अपत्य अमेरिकेत असतं आणि ‘येताना घेऊन येतो’ असा निरोप येतो. चार्जरची काळजी नको, तो बहुतेक वेळा १०० ते २४० व्होल्टवर चालतो, पिन बदलली की झालं. खरी अडचण चित्रात आहे. तिकडचे घरगुती हँडीकॅम सेकंदाला ६० चित्रांच्या पद्धतीने चालतात आणि आपली पद्धत ५० ची. आपली वीजही ५० हर्ट्झची. त्यामुळे ट्यूबलाइटखाली घेतलेलं चित्र लुकलुकतं. शटर हाताने १/५० किंवा १/१०० वर ठेवता आलं तर ते थांबतं, पण स्वस्त मॉडेलांत शटर हाताने लावायची सोयच नसते. शिवाय वॉरंटी बहुधा ज्या देशात खरेदी त्याच देशापुरती. मुलाला सांगा, त्यापेक्षा तू ये.

५. खरेदीला जाताना

नवा घ्यायचा तर पक्कं बिल, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर, शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड. सिरियल नंबर खोक्यावर, कॅमेऱ्याच्या बुडाला आणि बिलावर एकच आहे ना, हे काउंटरवरच ताडून बघा. ‘बिलाशिवाय थोडं कमी करतो’ याला सरळ नाही म्हणा.

जुना घ्यायचा तर विकणाऱ्याकडून मूळ बिलाची प्रत मागा. ती नसेल तर सिरियल नंबर आणि तारीख लिहिलेली सहीची पावती आणि ओळखपत्राची प्रत तरी घ्या. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात कॅमेरे दिसतात, पण तिथे यातलं काहीच मिळत नाही. माल चोरीचा निघाला तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. हौस म्हणून बघायला जा.

सोबत काय न्यायचं:

- रिकामं कार्ड, आणि कॅसेटवाला असेल तर एक कॅसेट
- मोबाइलचा टॉर्च
- कार्ड वाचू शकणारा लॅपटॉप
- हेडफोन, त्याचं भोक असेल तर

टॉर्च लेन्समध्ये तिरका मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. पुण्यात चार महिने पावसाळा, कॅमेरे बंद कपाटात पडून, त्यामुळे ती वारंवार दिसते. दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीला भिडतो, घेऊ नका. मग पूर्ण झूम करून समोरच्या पाटीवर फोकस बसतो का बघा. पाच मिनिटं रेकॉर्ड करून तिथेच लॅपटॉपवर चालवा. नुसत्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघून समाधान मानू नका, त्या छोट्या पडद्यावर सगळंच सुरेख दिसतं. कॅसेटवाल्यात चित्राचे चौकोनी तुकडे पडत असतील तर कॅसेट वाचणारं हेड मळलेलं किंवा झिजलेलं आहे.

एक खास सावधगिरी: २००२ ते २००४ च्या सुमारास बनलेल्या अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत एकाच प्रकारचे सीसीडी सेन्सर होते आणि उष्ण-दमट हवेत ते निकामी होत. २००५ मध्ये कंपन्यांनी ते फुकट बदलून देण्याची घोषणा केली होती. ती सोय आता उरलेली नाही. अशा काळातल्या कॅमेऱ्यात चित्र जांभळट, वाकडं किंवा काळं दिसलं तर विकणारा ‘बॅटरी कमी आहे’ म्हणेल. बॅटरीचा काही संबंध नाही.

बॅटरी, केबल, कार्ड यासाठी पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सची तपकीर गल्ली आहेच. कार्ड घरी आणल्यावर एच२टेस्टडब्ल्यू या फुकट प्रोग्रॅमने एकदा पूर्ण भरून तपासा. ६४ जीबीचं लेबल लावलेलं बनावट कार्ड ८ जीबीनंतर गुपचूप कचरा लिहायला लागतं. दुसऱ्या कंपनीची बॅटरी चालते, पण उरलेली मिनिटं पडद्यावर नीट दिसतीलच असं नाही, आणि फुगलेली दिसली तर लगेच काढून टाका.

६. घरी आल्यावर, पहिल्या शूटच्या आधी

तारीख आणि वेळ लावा. कंटाळा करू नका, पुढे सगळ्या फाइलींची रांग यावरच लागते. कार्ड संगणकात नव्हे, कॅमेऱ्यात फॉरमॅट करा. डिजिटल झूम बंद करा, म्हणजे झूमची कळ दाबून धरली तरी ऑप्टिकलपाशीच थांबेल.

दर्जा निवडताना साठवणीचा हिशेब असा: एव्हीसीएचडी आणि एक्सएव्हीसी एस हे व्हिडिओ साठवण्याचे दोन प्रकार. एव्हीसीएचडीच्या सेकंदाला १७ मेगाबिटच्या पातळीला तासाला साधारण साडेसात जीबी, २४ ला अकराच्या आसपास, आणि एक्सएव्हीसी एसच्या ५० मेगाबिटला साडेबावीस. शेवटच्यासाठी कार्ड क्लास १० किंवा त्याहून वेगवान लागतं, नाहीतर कॅमेरा रेकॉर्डिंगच नाकारतो. घरच्या कार्यक्रमाला १७ ची पातळी पुरते. स्टेजवर नाच असेल तर २४ किंवा वर जा, वेगाने हलणाऱ्या चित्राला जास्त डेटा लागतो.

‘स्माइल शटर’ बंद करा. रेकॉर्डिंग चालू असताना कुणी हसलं की कॅमेरा आपोआप फोटो घेतो. लग्नात सगळेच हसत असतात.

७. फोटो काढायचेच असतील तर

फोटोची कळ अर्धी दाबा, फोकस बसल्याची खूण येऊ द्या, मग पूर्ण दाबा. मोबाइलच्या सवयीने एकदम दाबली की धूसर फोटो हमखास. फोटो मोडमध्ये आकार ४:३ ठेवा. १६:९ ठेवला तर चार बाय सहाच्या कागदावर छापताना स्टुडिओवाला दोन्ही बाजू कापतो, आणि कडेला उभी असलेली आत्या अल्बममधून जाते.

दिवसाउजेडी, बाहेर, स्थिर माणसं: फोटो छान येतात. पर्वतीवरून सकाळचं पुणं, झूम करून टिपलेला सारसबागेतल्या तळ्यातला गणपती, तारेवर बसलेला खंड्या: इतक्या लांबचं टिपणं बहुतेक मोबाइलला जमणार नाही. संध्याकाळनंतर, घरात, धावणारी मुलं: मोबाइल काढा, निमूटपणे.

व्हिडिओ चालू असतानाच फोटो घेता येतो, पण सारखी कळ दाबलीत तर तिचा टकटक आवाज आणि हिसका रेकॉर्डिंगमध्ये येतो. त्यापेक्षा नंतर व्हिडिओमधून चौकट काढा. मात्र दोन गोष्टी लक्षात असू द्या. ‘५०आय’ पद्धतीच्या व्हिडिओत प्रत्येक चौकट दोन अर्ध्यांची असते, एक अर्धा दुसऱ्यानंतर १/५० सेकंदाने टिपलेला. हलणाऱ्या हाताच्या कडेला त्यामुळे फणीसारख्या रेघा दिसतात. प्लेअरमध्ये ‘डीइंटरलेस’ चालू करून चौकट घेतली की त्या जातात. दुसरं, कॅमेरा ४के असेल तर एक चौकट ३८४० बाय २१६० म्हणजे ८.३ मेगापिक्सेलची मिळते. खोक्यावरच्या ९.२ च्या फोटोपेक्षा ती कितीतरी खरी.

८. आवाज

चित्र थोडं हललं तरी लोक बघतात, आवाज फाटला की बंद करतात. हँडीकॅम आवाजाची पातळी आपोआप ठरवतो: शांततेत वाढवतो, गोंगाटात कमी करतो. पण ढोल-ताशाचा पहिला ठोका त्याच्या तयारीच्या आधी येतो आणि नुसता फडफडाट रेकॉर्ड होतो. मेनूमध्ये माइकची पातळी कमी करायची सोय असते, मिरवणुकीत ती आधीच लावून ठेवा. गडावर वाऱ्यासाठीचा ‘विंड कट’ चालू करा, घरी आल्यावर आठवणीने बंद करा, नाहीतर माणसांचे आवाज पातळ येतात. ५.१ आणि दोन चॅनेल असा पर्याय असेल तर दोन घ्या, संपादनात डोकेदुखी कमी.

९. शूटच्या दिवशी

बालगंधर्व किंवा यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात शाळेचं संमेलन असेल तर शाळेला आधी विचारा, मधली वाट अडवू नका. व्यावसायिक नाटकाचं चित्रीकरण निर्मात्याच्या परवानगीशिवाय करायचं नसतं, मग रांग कुठलीही असो. शनिवारवाडा, आगाखान पॅलेस अशा पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत स्टँडला वेगळी परवानगी लागते. तिकीटखिडकीवर विचारूनच बॅग उघडा.

नाट्यगृहात प्रकाशझोतात चेहरे पांढरे फटक होतात, कारण कॅमेरा भोवतालचा अंधार मोजून चित्र उजळवतो. ‘स्पॉटलाइट’ मोड लावा किंवा एक्स्पोजर हाताने खाली आणा. स्टँडवर कॅमेरा असेल तर स्थिरतेची यंत्रणा बंद ठेवलेली बरी, नाहीतर कॅमेरा हळूहळू फिरवताना चित्र मागे ओढल्यासारखं होतं. झूम दहा सेकंदांत तीनदा करू नका. एकदा जवळ गेलात की तिथे थांबा.

सलग रेकॉर्डिंगची काळजी नको. फोटोच्या कॅमेऱ्यांना अनेक वर्षं २९ मिनिटं ५९ सेकंदांची मर्यादा असे, कारण युरोपात अर्ध्या तासाहून जास्त सलग चालणारं यंत्र व्हिडिओ कॅमेरा धरून त्यावर जादा आयात कर लागे. हँडीकॅम मुळातच व्हिडिओ कॅमेरा, त्याला ही अडचण नाही. बॅटरी आणि कार्ड संपेपर्यंत तो चालतो. दोन बॅटऱ्या ठेवा, मध्यंतरात बदला.

मिरवणुकीत गुलालाची भुकटी लेन्सच्या झाकणात शिरते. स्वयंपाकघरातली पारदर्शक फिल्म कॅमेऱ्याभोवती गुंडाळा, लेन्स उघडी ठेवा, आणि घरी आल्यावर आधी फुंकणीने धूळ उडवा, मगच फडकं लावा. उलट केलंत तर काचेवर ओरखडे.

१०. कार्डावरून उतरवताना

एव्हीसीएचडी कार्डात फोल्डरच्या आत फोल्डर असतात आणि व्हिडिओ ‘स्ट्रीम’ नावाच्या फोल्डरमध्ये एमटीएस फाइल म्हणून. त्या फाइली तेवढ्या उचलू नका, कार्डावरचं सगळंच जसंच्या तसं एका नव्या फोल्डरमध्ये उतरवा आणि त्याला तारीख-प्रसंगाचं नाव द्या. लांब रेकॉर्डिंगचे साधारण २-२ जीबीचे तुकडे पडतात. ते कंपनीच्या सॉफ्टवेअरने जोडले तर सांधा कळत नाही. नुसते एकामागून एक लावले की सांध्यावर क्षणभर आवाज तुटतो, आणि तो नेमका गाण्याच्या समेवर तुटतो.

फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, तेही उतरवा. अनेकजण व्हिडिओ घेतात आणि कार्ड पुसतात. दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर करा, दोन्ही ठिकाणी एखादी फाइल चालवून बघा, त्यानंतरच कॅमेऱ्यात कार्ड फॉरमॅट करा. कॅमेरा ठेवताना बॅटरी काढून ठेवा, अर्धी चार्ज असलेली चालेल. पावसाळ्यात चामड्याच्या बॅगेत नको, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून दहा मिनिटं चालवा.